दोष : निरंक

मी ड्रायव्हर लिहिते. हे वाक्य आमच्या नात्यागोत्यात आजवर कुणालाच नीट कळलेलं नाही. लग्नकार्यात एखादी मावशी हमखास विचारते, "म्हणजे ट्रकवाल्या लोकाईचं काही लिहून राहिली का वं?" आणि मी हो म्हणून मोकळी होते. खरं सांगायचं तर स्क्रीनवर जे चित्र दिसतं ते काढायला आत एक चिप असते आणि त्या चिपला कामाला जुंपणारा जो प्रोग्राम, त्यालाही ड्रायव्हर म्हणतात. चौदा वर्षं मी हेच करते आहे. दुसऱ्याच्या चुका काढण्यात माझा हात धरणारं कंपनीत कुणी नाही, असं लोक म्हणत. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

चंद्रभान नेवारे हा दुसऱ्या प्रकारचा ड्रायव्हर. ट्रकवाला.

आमची कंपनी परसोडीच्या आयटी पार्कात आहे, चाळीसेक माणसांची. ट्रकच्या मागे बसवायचा कॅमेरा आणि ड्रायव्हरसमोर बसवायचा स्क्रीन आम्ही बनवतो. रिव्हर्स गिअर टाकला की मागचं सगळं समोर दिसतं, वर लाल, पिवळ्या, हिरव्या रेघा. लाल रेघेच्या आत काही आलं तर ब्रेक मारायचा. विदर्भातल्या साडेतीनशे ट्रकांवर आमचे स्क्रीन आहेत. ते लागल्यापासून बऱ्याच मालकांनी क्लीनर ठेवणंच सोडून दिलं. पूर्वी तो खाली उतरून पत्र्यावर थापा मारत "आन दे, आन दे, बस्स" असं ओरडायचा. आता ओरडायला कुणी उरलं नाही, सगळा भरवसा स्क्रीनवर.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात, सोयाबीनच्या ऐन हंगामात, कळमन्याच्या धान्यबाजारातल्या यार्डात चंद्रभानचा ट्रक मागे येत होता. गाड्यांमधून सांडलेलं धान्य झाडून गोळा करणाऱ्या बाया तिथं रोज असतात, हातात खराटा आणि सूप घेऊन. त्यातली रुखमाबाई नावाची साठीची बाई ट्रकच्या मागच्या चाकाखाली आली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

ती जिवंत असतानाच, दुसऱ्या दिवशी, मला यार्डात बोलावलं. पोलिसांना आमच्या स्क्रीनची तपासणी हवी होती. चंद्रभान ट्रकच्या पायरीवर बसला होता. पन्नाशीचा, बारीक, शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली. मला पाहून उठून उभा राहिला.

"मॅडम, मी पाहूनच मांगं घेऊन राहिलो होतो," तो म्हणाला. "स्क्रीनवर कोनीच नव्हतं. पुरी जागा खाली होती."

"आरशात?"

"आरशात ते जागा येतच नाही ना. म्हनून त मालकानं तुमचा टीव्ही लावला."

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं. ड्रायव्हर लोकांच्या सबबी मी पुष्कळ ऐकल्या होत्या. उन्हाची तिरीप आली, धूळ बसली होती, स्क्रीन अटकली. हे शेवटचं तर ठरलेलं. आता आमच्या स्क्रीनचं असं आहे की आत काही बिघडलं तर त्याची मोजदाद होते. मी लॅपटॉप जोडला, सगळं चालवून पाहिलं. चित्र स्वच्छ, रेघा जागच्या जागी. नोंद उघडली. मेमरी फॉल्ट : शून्य. चंद्रभानही माझ्या खांद्यावरून पाहत होता.

"काय निघालं मॅडम?"

"काही नाही निघालं. मशीन ठीक आहे," मी म्हणाले.

तो त्या शून्याकडे पाहत राहिला. पोलिसांच्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता, 'उपकरणात आढळलेला दोष'. सरकारी कागदावर सरकारी शब्द शोभतो म्हणून मी लिहिलं, 'निरंक', म्हणजे काहीच नाही. खाली सही केली, तारीख घातली, आणि तडक ऑफिसला परत आले. त्या बाईला पाहायला मी दवाखान्यात गेले नाही. तसं माझ्या मनातही आलं नाही, आणि ही गोष्ट मला आज फार लागते.

तेरा महिन्यांनी, या डिसेंबरात, घरी समन्स आलं. पुढच्या गुरुवारी कोर्टात येऊन माझ्या अहवालाबद्दल साक्ष द्यायची होती. सोबत त्या फॉर्मची प्रत. संध्याकाळी मी घरी आले तर बाबा ते सगळं पुढ्यात मांडून बसले होते. आमच्या घरातला हातमाग आजोबांबरोबर गेला. बाबांच्या हाती धोटा आलाच नाही, रजिस्टर आलं. तीस वर्षं त्यांनी तहसील कचेरीत आवक-जावक सांभाळली. कागद दिसला की तो वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही, मग तो किराण्याच्या पुडीचा का असेना.

"उत्तरा, हे निरंक तू लिहिलं?"

"हो."

"तुले कळवलं कोनं?"

"कळवलं कोणी म्हणजे? मी पाहिलं. नोंद शून्य होती."

"तसं नाही वं," बाबा चष्मा काढत म्हणाले. "निरंक कळवा लागते. समोरचा कागद पाठवते का आमच्याकडे आज काही नाही. सही, शिक्का. तो कागद हाती आला का आपन रजिस्टरात निरंक चढवतो. कागदच नाही आला त तिथं 'अप्राप्त' लिहा लागते. अप्राप्त येगळं, निरंक येगळं."

मी चिडलेच. दिवसभर डोकं पिकलं होतं. पण बाबा सुरू झाले की थांबत नाहीत.

"एका साली पुरानंतर गावागावात ताप होता. रोज प्रत्येक गावाहून कागद येये, किती आजारी, किती गेले. एका गावाचा कागद अकरा दिवस नाही आला. माह्या बाजूचा कारकून रोज तिथं निरंक टाके. काहून, त रकाना खाली दिसला का साहेब बोलत. बाराव्या दिवशी तिकडून एक मानूस सायकलवर आला. कागद आननारा कोतवालच तापानं पडला होता, वं. सात गेले होते गावात. आन आमच्या रजिस्टरात अकरा दिवस निरंक."

"बाबा, चिप म्हणजे कोतवाल नाही."

"नसन. मी इचारून राहिलो फकत."

त्यांनी कागद घडी घालून ठेवले आणि टीव्ही लावला. मी तशीच रागात जेवून उठले. राग त्यांचा आला नव्हता, हे मला सकाळी आंघोळ करताना कळलं. राग याचा होता की माझ्या त्या शून्यावर सही-शिक्का कुणाचा, हे मला सांगता येईना.

त्यासाठी हे यंत्र कसं चालतं ते सांगायला हवं. चिपला दोन बाजू असतात. एक बाजू चित्र काढते. कॅमेऱ्यातून आलेलं दृश्य घेते, वर रेघा ओढते आणि मेमरीत ठेवते. दुसरी बाजू फक्त दाखवते. मेमरीत जे ठेवलेलं असेल ते उचलून काचेवर मांडते, सेकंदाला साठ वेळा, कसलाही विचार न करता. कधीकधी चित्र काढणारी बाजू चुकून भलत्याच ठिकाणी हात घालते, मेमरीतल्या तिच्या नसलेल्या जागी. हा मेमरी फॉल्ट. असं झालं की ती जागच्या जागी थांबते आणि तिने घंटी वाजवायची असते. या घंटीला आम्ही इंटरप्ट म्हणतो. घंटी ऐकून माझा ड्रायव्हर जागा होतो, स्क्रीन काळा करतो, 'चित्र उपलब्ध नाही' अशी अक्षरं टाकतो, नोंदीत एक वाढवतो आणि चिपला पुन्हा उभं करतो.

म्हणजे माझा आकडा घंट्या मोजत होता. बिघाड मोजत नव्हता. चौदा वर्षं हे काम करून ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही, पण आवक-जावकवाल्या म्हाताऱ्याने सांगेपर्यंत ती मला दिसली नव्हती.

ऑफिसात गेल्या गेल्या मी टेबलावर कॅमेरा-स्क्रीनचा एक सेट मांडला. कॅमेरा समोरच्या निळ्या खुर्चीवर रोखला आणि चिपला मुद्दाम भलत्या जागी हात घालायला लावला. स्क्रीन क्षणात काळा. अक्षरं आली. नोंदीत एक. पुन्हा केलं. दोन. दहा वेळा केलं, दहा नोंदी. माझा जीव भांड्यात पडला. बाबांना फोन लावून दोन शब्द सुनवावेत म्हणून मी मोबाइल हातात घेतलासुद्धा.

आणि मग तो खाली ठेवला. टेबलावर नसलेली एक गोष्ट ट्रकमध्ये असते. चावी. आमचे टेबलावरचे सेट महिनोन्महिने चालू असतात. कळमन्याच्या गेटवर ट्रक रांगेत उभा असतो. चावी बंद, चावी चालू, दहा फूट पुढे, पुन्हा बंद. दरवेळी सेट झोपतो आणि दरवेळी उठतो.

मी सेट झोपवला. उठवला. चिपला भलत्या जागी हात घालायला लावला.

स्क्रीन काळा झाला नाही. निळी खुर्ची स्वच्छ दिसत होती. नोंदीत वाढ शून्य. मला वाटलं हुकूम पोचलाच नाही, कॅमेऱ्याची वायर निघाली असेल. मी उठून कॅमेऱ्यापाशी गेले, वाकून वायर दाबली आणि सहज मागे वळून स्क्रीनकडे पाहिलं.

स्क्रीनवर मी नव्हते.

कॅमेरा माझ्या तोंडाशी होता. मी हात हलवला. खुर्ची दिसत होती. मी जाऊन त्या खुर्चीवर बसले. स्क्रीनवर खुर्ची रिकामी होती, वर लाल, पिवळ्या, हिरव्या रेघा अगदी ताज्यातवान्या. दुपारचे दोन वाजले होते, खिडकीतून ऊन येत होतं, शेजारच्या टेबलावर टेस्टिंगचा विहंग डबा खात होता, आणि मला इतकी भीती वाटली की माझ्याने त्या खुर्चीवरून उठवेना.

"मॅडम, काय करून राहिले तुम्ही?" विहंगने विचारलं. मग त्याची नजर स्क्रीनकडे गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, आणि हातातला घास डब्यात ठेवला.

"फोटो आहे का हा?"

"नाही," मी म्हणाले. "लाइव्ह आहे."

वीस मिनिटं आम्ही दोघं त्या स्क्रीनसमोर बसून होतो. खुर्ची रिकामीच. चित्र काढणारी बाजू मरून पडली होती आणि दाखवणारी बाजू शेवटचं चित्र इमानेइतबारे दाखवत होती. चिप जिवंत आहे की नाही हे पाहणारा एक पहारेकरीही आम्ही ठेवला होता, पण तो दाखवणाऱ्या बाजूचेच ठोके मोजायचा आणि समाधानाने बसायचा. मी वीज तोडून पुन्हा जोडली. सगळं ठीक. बिघाडाचा मागमूस नाही. यार्डात मी लॅपटॉप जोडायच्या आधी त्या ट्रकची चावी कितीदा फिरली असेल देव जाणे.

कारण शोधायला पाऊण तास लागला. झोपेतून उठताना चिप आपल्या सवयी विसरून उठते. ड्रायव्हरने तिला एकेक गोष्ट नव्याने सांगायची असते. त्यासाठी बत्तीस ओळींची यादी आहे. 'मेमरी फॉल्ट झाला तर घंटी वाजव' ही त्या यादीतली एकोणिसावी ओळ. ती होती तिथंच, पण तिच्या आधी कुणीतरी दोन तिरप्या रेघा मारल्या होत्या. आमच्या धंद्यात दोन तिरप्या रेघा म्हणजे ही ओळ वाचू नका. पुढे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, 'सध्या बंद. नंतर पाहू.'

कुणी मारल्या हे पाहायची सोय असते. मी मोठ्या त्वेषाने पाहायला गेले. आज याची खैर नाही, असं पुटपुटले असणार, कारण विहंग हसला. नाव माझं होतं. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

तारीख पाहिल्यावर सगळं आठवलं. झोपेतून उठताना चिप एक खोटी घंटी वाजवायची आणि स्क्रीन दोन सेकंद काळा व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रान्सपोर्टवाले पाहायला येणार होते. अपूर्व, आमचा मालक, कॉलेजात माझ्याच वर्गात होता. तो म्हणाला, "ते काळं होनं बंद कर ना यार, लोक भडकतील." खोटी घंटी का वाजते ते शोधायला आठवडा लागला असता. मी घंटीच काढून ठेवली. सध्यापुरती. आपल्याकडे 'सध्या' हा शब्द फार टिकतो.

मग मी तक्रारींची वही उघडली. 'स्क्रीन अटकली' अशा तीन वर्षांत अकरा तक्रारी होत्या. काटोलला संत्र्याच्या पेट्यांची थप्पी चेंगरली. लकडगंजात वखारीची भिंत पडली. मौद्याजवळ एक बैल मेला. बैलानंतर रुखमाबाई. रुखमाबाईनंतर आणखी चार. आधीच्यांपुढे नुसतं 'ठीक आहे' होतं; या चारींपुढे आमच्या माणसाने जाऊन, लॅपटॉप जोडून, एकच वाक्य लिहिलं होतं : 'तपासले, दोष निरंक.' वाक्य माझ्या अहवालावरून उचललेलं होतं.

मी अपूर्वच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो शांत झाला की मला त्याची धास्ती वाटते.

"ओळ चालू कर, अपडेट बनव," तो म्हणाला. "गाड्या सर्विसिंगले येतील तशा टाकत जाऊ. विषय खतम."

"आज रात्री किती ट्रक रिव्हर्स येतील, माहीत आहे?"

"तीन वर्षं येऊनच राहिले ना."

"आणि गुरुवारी? मी कोर्टात काय सांगू?"

"जे लिहिलं तेच सांग. तू खोटं थोडीच लिहिलं होतं? आकडा शून्यच होता ना तेव्हा? काहून खाजवून खरूज काढून राहिली, उत्तरा? चाळीस घरं चालतात इथं."

सगळ्यात वाईट म्हणजे, त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. कोर्टात उभी राहून मी तेच वाक्य तोंडावरची माशी हलू न देता म्हणू शकले असते, आणि चंद्रभान आत गेला असता.

"अपूर्व," मी म्हणाले, "तू त्या खुर्चीवर जाऊन बस एकदा. मग बोलू."

तो बसला नाही. प्रत्येक सेटात एक सिम असतं; त्यावरून अपडेट जात नाही, पण छोटा हुकूम जातो. मी माझ्या टेबलावर आले आणि रस्त्यावरच्या साडेतीनशे ट्रकांचे स्क्रीन एका हुकुमाने काळे केले. त्यावर अक्षरं टाकली, 'कॅमेरा बंद आहे. खाली उतरून पाहा.' पाच मिनिटांत ऑफिसातले सगळे फोन वाजायला लागले. अपूर्व काचेपलीकडून माझ्याकडे पाहत होता. बहुतेक माझी नोकरी तिथंच गेली, पण त्याने तसं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत बसून मी तीन पानांचा नवा अहवाल लिहिला. दोष कोणता, कशाने, कुणामुळे. शेवटच्या प्रश्नापुढे माझं नाव. सही करून एक प्रत ठाण्यात दिली आणि चंद्रभानच्या वकिलाला फोन केला.

वकिलांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मॅडम, हा कागद असेल तर माणूस सुटतो. पण एक आहे. त्याने पहिल्या दिवशी पोलिसांना सांगितलं की स्क्रीनवर कोणी नव्हतं. ते त्याचं सांगणं आणि तुमचा कागद, दोन्ही जुळले पाहिजेत. त्याने कोर्टात तेच ठामपणे सांगायला हवं. तुम्ही त्याला एकदा भेटाच. माझ्याशी तो हल्ली बोलत नाही."

बुधवारी दुपारी मी पारडीला त्याच्या घरी गेले. एक खोली, पुढे टिनाची पडवी. चंद्रभान जामिनावर होता. लायसन्स जमा होतं, म्हणून पोह्याच्या मिलमध्ये पोती शिवायचं काम करत होता. तेरा महिन्यांत तो दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागेल अशी मनाची तयारी करून मी गेले होते. तसं नव्हतं. दाढी केलेली, केस विंचरलेले, चेहरा शांत. त्याच्या बायकोने, शोभाताईंनी, मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

मी सगळं सांगितलं. सोपं करून, दोनदा. स्क्रीन अटकली होती. जे दिसत होतं ते आधीचं चित्र होतं. दोष माझा आहे, मी लिहून दिलं आहे.

"तुम्ही तेव्हा यार्डात खरं बोललात," मी म्हणाले. "जागा रिकामी दिसली, ती खरंच रिकामी दिसली. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. मला माफ करा. उद्या फक्त तेच पुन्हा सांगा."

चंद्रभानने सगळं नीट ऐकलं. मग मान हलवली.

"नाही मॅडम. दिसली होती ते."

"कोण?"

"रुखमाबाई. स्क्रीनवर. लाल रेघेच्या आत होती. हिरवं लुगडं, हातात खराटा. मी तिले पाह्यलं आन बिरेक नाही मारला."

"पण तुम्हीच म्हणाला होता की कोणी नव्हतं!"

"पयल्या दिवशी भेव वाटला असन, म्हनून तसं बोललो असन. तुम्ही मशीन पाहून सांगतलं ना का ठीक हाय. मी सोता पाह्यला तो शून्य. मंग मी इचार केला, मशीन चांगली हाय त ते बाई दिसलीच असन. दिसल्याबिगर कशी राहीन? लय दिवस आठवून पाह्यलं. पयले काहीच आठवे नाही. मंग एक दिवस लुगडं आठवलं. मंग खराटा आठवला. आता पुरं आठवते."

लुगडं आणि खराटा त्याने पाहिला होता खरा, पण खाली उतरल्यावर, चाकाजवळ. मी लॅपटॉप उघडला. विहंगने काढलेला व्हिडिओ दाखवला. मी खुर्चीवर बसलेली, हात हलवते आहे, आणि शेजारच्या स्क्रीनवर तीच खुर्ची रिकामी. चंद्रभानने तो अखेरपर्यंत पाहिला, लहान पोराचा खेळ पाहावा तसा, आणि लॅपटॉप हळूच माझ्याकडे सरकवला.

"हे तुमच्या हापिसातलं झालं, मॅडम. माह्या गाडीत ते दिसली होती."

"चंद्रभानभाऊ, दिसूच शकत नव्हती. मी सिद्ध करू शकते."

"ताई," शोभाताई दारातून म्हणाल्या. "सहा महिने हा मानूस झोपला नाही. उठून उठून बसे. मी नव्हतं पाह्यलं, मी नव्हतं पाह्यलं, हेच लावून धरे. मंग जवा यायनं मानलं का मी पाह्यलं होतं, तवापासून झोपून राहिले. रुखमाबाईच्या लेकीच्या पाया पडून आले. उद्या कोर्टात कबूल करतो म्हनते. मी समजावून थकली, वं. तुम्हीच सांगा त्याइले."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. शेवटी माझा आवाज चढला. तुम्ही निर्दोष आहात, असं मी एका माणसावर ओरडत होते, आणि तो माझ्याकडे करुणेने पाहत होता. मग थोडा पुढे वाकून, शोभाताईंना ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्याने विचारलं,

"एक इचारू, मॅडम? ते स्क्रीन बंद पडली होती म्हनता. त मंग रोज पहाटे ते बाई त्याच स्क्रीनवर मांगं वळून माह्याकडे पाहते, ते मले कोन दाखवून राहिलं?"

"मी," मी म्हणाले. "ते चित्र मी काढलं आहे, भाऊ. तुमच्या डोक्यात. शपथेवर सांगते."

बोलता बोलता मला रडू आलं. गेल्या कित्येक वर्षांत मी कुणासमोर रडले नव्हते. चंद्रभान उठला, आतून धुतलेला टॉवेल आणून त्याने माझ्या हातात दिला, आणि बायकोकडे वळून म्हणाला, "मॅडमसाठी चहा मांड वं. उद्या त्याइलेही कोर्टात यायचं हाय."